माळ्याच्या छताला इन्सुलेशन: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

होळी आटोपली की इन्सुलेशनचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराचे, हे प्रश्न सुरू होतात आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ रणरणत्या दिवसांत, शिगेला पोचतात. काम मात्र दिवाळी ते होळी या काळात करायचं असतं. खालची उत्तरं मुख्यतः टिनाच्या किंवा कवेलूच्या (कौलांच्या) छपराखाली माळा असलेल्या घरांसाठी आहेत. स्लॅबवाल्यांसाठी पुढे एक वेगळा प्रश्न घेतला आहे.

भिंती सोडून छताच्याच मागे का लागायचं?

नागपूर साधारण २१.१५ उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी गडप होते. नवतपा २५ मेला लागतो, म्हणजे पंचांग आणि भूगोल इथे एकच गोष्ट सांगतात. अशा उन्हात पूर्वेची भिंत सकाळी तापते, पश्चिमेची संध्याकाळी. छताला मात्र उजाडल्यापासून मावळेपर्यंत सुटका नाही.

मे २०१३ मध्ये शहरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, पण ते सावलीतल्या हवेचं तापमान. उन्हातला जुना, काळवंडलेला पत्रा ६५ ते ७० अंशांपर्यंत सहज जातो. दहा बाय बाराची खोली धरा, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. वर ६५ अंशांचा उघडा पत्रा, खाली ३२ अंशांची हवा. ढोबळ हिशेबाने तो पत्रा खोलीत दोन हजार वॅटच्या घरात उष्णता ओततो. न्हाणीघरातला गिझर साधारण एवढ्याच वॅटचा असतो. मध्ये ५० मिलिमीटर चांगलं इन्सुलेशन आलं की हाच आकडा अडीचशे वॅटच्या आसपास येतो. भिंतीवर कितीही खर्च केला तरी टिनाच्या घरात एवढा फरक पडत नाही.

माळा रिकामा आहे. इन्सुलेशन पत्र्याखाली लावायचं की माळ्याच्या जमिनीवर?

कुठलं मटेरियल घ्यावं हे सगळे विचारतात, थर कुठे टाकायचा हे फार थोडे विचारतात. खरं तर अर्धं यश जागेत असतं.

माळ्यावर कोणी राहत नसेल, फक्त दिवाळीची भांडी आणि जुने ट्रंक असतील, तर थर माळ्याच्या जमिनीवर, म्हणजे खालच्या खोलीच्या छतावर आडवा अंथरा. उतरत्या छपरापेक्षा सपाट जमिनीचं क्षेत्रफळ कमी असतं, त्यामुळे माल कमी लागतो. आडवा अंथरलेला रोल लोंबत नाही, त्याला टांगायला जाळी-तारा लागत नाहीत. शिवाय माळा हवेशीर ठेवता येतो. तिथली तापलेली हवा वरून निघून गेली की अर्धी लढाई इन्सुलेशनपर्यंत येतच नाही.

जुन्या महाल-इतवारीतल्या घरांत फळ्यांवर मातीचा जाड थर असायचा, तो हेच काम करत होता. फरक वजनाचा आहे. तीन इंच माती चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जाते. घनमीटरला २४ किलो घनतेचं ५० मिलिमीटर ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी) सव्वा किलोच्या आसपास भरतं. त्यामुळे मयाली (लाकडी तुळया) जुन्या आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही. माती काढून टाकली तर उलट त्यांच्यावरचा भार उतरतो. पण माती काढण्याआधी वाळवी तपासून घ्या.

दोन गोष्टी नेहमी विसरल्या जातात. पाण्याच्या टाकीपर्यंत जायची वाट असेल तर तिथे पट्ट्या ठोकून वर फळ्या टाका. रोलवर पाय देत गेलात की तो दबतो, आणि ५० चा २५ झाला की त्याची ताकदही जवळजवळ निम्मी होते. दुसरं, माळ्यावर चढायची झडप. सगळ्या जमिनीवर थर आणि झडप तेवढी उघडी, असं असलं की तिच्याखाली उभं राहून हात वर केला तरी फरक कळतो. झडपेच्या पाठीला त्याच जाडीचा तुकडा चिकटवा.

माळ्यावर मुलगा अभ्यास करतो, झोपतोही तिथेच. मग?

मग थर उतरत्या छपराखालीच हवा. वरून खाली क्रम असा: पत्रा, त्याखाली निदान एक इंच मोकळी हवा, मग इन्सुलेशन, आणि शेवटी बोर्ड. ही मोकळी हवा खाली वळचणीकडून आत येऊन वर आड्याकडे बाहेर पडली पाहिजे. दोन्ही टोकं बंद केलीत तर ती जागा नुसती पोकळी राहते.

लोखंडी पर्लिन (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या पट्ट्या) असतील तर इन्सुलेशन फक्त दोन पर्लिनच्या मधल्या जागेत भरू नका. लोखंडातून उष्णता ग्लासवूलच्या हजारपटीहूनही जास्त सहज जाते. प्रत्येक पर्लिन ही उष्णतेची उघडी वाट होते. मधली जागा भरा आणि पर्लिनच्या खालून एक सलग पातळ थरही फिरवा. मिस्त्री कंटाळा करतील. तुम्ही करू नका.

खालचा बोर्ड जिप्समचा किंवा सिमेंट फायबरचा घ्या. पीव्हीसीच्या पट्ट्या स्वस्त आणि दिसायला चकचकीत असतात, पण वरची उष्णता नीट अडवली नसेल तर एकदोन उन्हाळ्यांत त्या लाटा घेऊ लागतात.

नुसता पांढरा रंग मारला तर नाही का भागत?

बरंच भागतं, म्हणून सुरुवात तिथूनच करा. चांगला परावर्तक पांढरा थर उन्हाचा ७० टक्क्यांहून जास्त भाग नवा असताना परत फेकतो; गंजलेला पत्रा बहुतेक सगळं पिऊन टाकतो. चुना हा त्याचाच स्वस्त भाऊ, पण पहिल्या दोन जोरदार सरींत धुऊन जातो.

अडचण धुळीची. आपल्याकडे मार्च ते जून धूळ बसते आणि रंगाचं तेज उतरतं, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी छत धुवायचं. रंगाने पत्रा कमी तापतो, तरी तापतोच. टिनाखाली माणूस बसणार असेल तर रंग आणि इन्सुलेशन दोन्ही. पैसे एकाच कामाचे असतील आणि माळा हवेशीर असेल तर आधी रंग.

ग्लासवूल, रॉकवूल, थर्माकोल, एक्सपीएस, पफ: यातलं काय?

उष्णता अडवण्यात यांच्यातला फरक लोक समजतात तेवढा नाही. ग्लासवूल, रॉकवूल आणि थर्माकोल यांची उष्णतावाहकता ०.०३२ ते ०.०४० च्या पट्ट्यात येते; आकडा जितका लहान तितकं चांगलं. एक्सपीएस (थर्माकोलचाच दाट, बंद कप्प्यांचा प्रकार) त्याहून थोडं बरं, ०.०३० च्या आसपास. पफ (पॉलियुरेथेन फोम) सगळ्यांत पुढे, ०.०२२ ते ०.०२६. म्हणजे ५० मिलिमीटर थर्माकोलचं काम पफ ३५ मिलिमीटरमध्ये करतो. निवड ठरते ती आग, ओल, उंदीर आणि जागा यांवर.

माळ्याच्या जमिनीवर अंथरायला माझी पहिली पसंती ग्लासवूल. हलकं, जळत नाही, कोनाकोपऱ्यात नीट बसतं. लावताना मात्र अंग खाजतं आणि ओलं झालं की कामातून जातं.

रॉकवूल (दगडाच्या तंतूंचं) जड आणि महाग. ते हजार अंशांपर्यंत टिकतं, म्हणून खाली स्वयंपाकघर असेल किंवा माळ्यातून धुराडं जात असेल तिथे तेच घ्या. टिनावर पावसाचा जो ताशा वाजतो तोही रॉकवूल सगळ्यांत चांगला दाबतं.

थर्माकोल स्वस्त, म्हणून सगळ्यांच्या तोंडी. पण ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि आपला पत्रा ७० ला पोचतो. पत्र्याच्या पोटाला थेट चिकटवलेलं थर्माकोल दोनतीन वर्षांत आक्रसून फटी सोडतं. मध्ये हवा सोडा. आणि ते उघडं कधीच ठेवू नका: पेटलं तर काळा, गुदमरवणारा धूर सोडतं. खालून बोर्ड हवाच.

एक्सपीएस पाण्याला दाद देत नाही, म्हणून स्लॅबच्या वर तेच. पत्रे बदलायचेच असतील तर दोन पत्र्यांच्या मध्ये पफ भरलेले तयार पॅनेल मिळतात. छप्पर आणि इन्सुलेशन एकाच कामात. जुना पत्रा शाबूत असताना ते करणं उगीच.

चांदीसारखी चमकणारी पातळ शीट ९५ टक्के उष्णता अडवते म्हणतात. खरं आहे का?

आकडा खोटा नाही, अर्धा आहे. चकचकीत ॲल्युमिनियम त्याच्यावर पडणारी प्रारणाची (किरणांनी येणारी) उष्णता ९५ टक्क्यांपर्यंत परत फेकतं. पण त्यासाठी चमकत्या बाजूसमोर हवेची पोकळी हवी. पत्र्याला घट्ट चिकटवली तर त्या बाजूची चमक काही कामाची राहत नाही, उष्णता थेट वाहून जाते. आणि शीटमागचा पाच-दहा मिलिमीटरचा फोम तेवढ्याच जाडीपुरता रोखतो. चमकती बाजू खाली ठेवा. वर ठेवली तर धूळ साचून तिची चमक दोन वर्षांत संपते.

तंगी असेल, भाड्याचं घर असेल, मालक छताला हात लावू देत नसेल, तर पत्र्याखाली एक-दोन इंच सोडून ताणलेली ही शीट पैशाच्या मानाने चांगलं काम करते. पण ती जाड थराची जागा घेत नाही.

किती जाडी पुरे?

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २०१८ ची इको निवास संहिता सांगते की घराच्या छताचं यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त नसावं. हा आकडा जितका लहान तितकी कमी उष्णता आत येते. पाच इंची उघड्या स्लॅबचं यू-मूल्य ३.५ च्या आसपास असतं. २५ मिलिमीटर थर्माकोल किंवा ग्लासवूल घातलं की १.१ येतं, म्हणजे काठावर पास. ५० मिलिमीटरला ०.६ ते ०.७.

नागपूरसाठी ५० धरा. माळ्याच्या जमिनीवर जागेची अडचण नसते, तिथे ७५ किंवा १०० टाकलं तरी मजुरी तेवढीच. १०० च्या पुढे मात्र प्रत्येक इंचाचा फायदा घटत जातो. ते पैसे पश्चिमेच्या खिडकीला सावली करण्यात घाला.

कवेलूचं छप्पर आहे. त्यालाही लागतं का?

कवेलू जाड, मातीची आणि सांध्यांतून श्वास घेणारी. टिनापेक्षा ती मुळातच सुसह्य असतात. तिथे माळ्याच्या जमिनीवर थर पुरतो. कवेलूच्या पोटाला फोमचा फवारा मारून सगळं बंद करणारे भेटतील, त्यांना नम्रपणे परत पाठवा. फाटे आणि वासे आतल्या आत कुजतात, आणि कवेलू फेरायची (काढून नव्याने रचायची) वेळ आली की एकही सुटी निघत नाही.

माकडांनी फोडलेल्या कवेलूतून पाणी थेट रोलवर पडतं. म्हणून आधी फेरणी, मग अंथरणं. कवेलूखाली ताडपत्री घालायची तर ती वाफ बाहेर सोडणारी घ्या, साधं प्लास्टिक नको.

सिमेंटच्या पत्र्याला खालून स्क्रू मारता येतील?

नका मारू. आपल्याकडच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲसबेस्टॉस असतं आणि ड्रिलची धूळ फुप्फुसात गेली की ती बाहेर निघत नाही. पत्र्याला न छेडता भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतंत्र चौकट टाका आणि थर तिच्यावर ठेवा.

माळा पूर्ण बंद करू की हवा खेळती ठेवू?

थर जमिनीवर असेल तर हवा खेळती ठेवा. वळचणीखाली जाळीच्या खिडक्या आणि वर आड्याजवळ निघायची वाट, दोन्ही मिळूनच काम होतं. वर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर विजेशिवाय चालतो, पण खालून हवा येत नसेल तर तो बिचारा खोलीतलीच गार हवा फटींतून वर ओढतो. म्हणून थर टाकण्याआधी खालच्या छताच्या फटी, पंख्याच्या हुकाचं भोक, पाइपाभोवतीची जागा हे सगळं बुजवा.

आमच्याकडे कुलर आहे, एसी नाही. उपयोग होईल?

एसीवाल्यांना बिल कमी येतं. कुलरवाल्यांना फायदा अंगाला कळतो. कुलर हवा गार करतो, पण डोक्यावरचा तापलेला पत्रा थेट अंगावर उष्णता फेकत असतो. समोर वारा गार आणि टाळू तापलेली, हा अनुभव टिनाखालच्या प्रत्येकाला आहे. थर आला की खालचा बोर्ड खोलीच्या तापमानाजवळ येतो आणि तोच कुलर कमी वेगावर पुरतो. कुलरची हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवीच, ते इन्सुलेशनने बदलत नाही. जुलैच्या दमट उकाड्यात कुलर हात टेकतो, तेव्हाही छताची झळ कमी झालेली असते.

पावसाळ्यात ओल धरणार नाही ना?

गळती असेल तर धरणारच, म्हणून गळती आधी. पत्र्याचे स्क्रू नाळीच्या उंचवट्यावर असावेत, खोलगट भागात नव्हे, आणि प्रत्येकाखाली रबराचा वॉशर हवा. जुने डांबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकलेले असतात, सगळे बदला.

दुसरी ओल गळतीची नसते. डिसेंबर-जानेवारीच्या स्वच्छ रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड पडतो आणि त्याच्या पोटाला दव धरतं. सकाळी टपटप सुरू झालं की लोक गळती शोधत फिरतात. खेळती हवा हा त्यावरचा पहिला उपाय.

थंड देशांतल्या सल्ल्यांत प्लास्टिकचा थर खोलीच्या बाजूला लावायला सांगतात. तिथे दमट हवा घरात असते आणि थंडी बाहेर. आपल्याकडे पावसाळ्यात एसी लावलात की परिस्थिती उलटी होते. एसीच्या खोलीवर वाफ अडवणारी बाजू वर, म्हणजे बाहेरच्या अंगाला ठेवा.

वायरी आणि दिवे?

वायरी पाइपातून न्या. इन्सुलेशनखाली गाडलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे एसीची किंवा गिझरची वायर तिथून जात असेल तर एक माप जाड घ्या. पीव्हीसीची वायर थर्माकोलला चिकटून राहिली तर तिचं आवरण वर्षानुवर्षांत कडक होऊन तडकतं. छतात बसवलेल्या दिव्यांच्या पाठीवर थर दाबू नका, थोडी मोकळी जागा सोडा. पंखा चौकटीला नव्हे, मयालीला किंवा लोखंडी आडव्यालाच टांगायचा.

उंदीर, चानी (खारी)?

काचेचे तंतू खाण्यात त्यांना रस नाही, घर करण्यात आहे. थर्माकोल तर ते आनंदाने पोखरतात. वळचणीच्या प्रत्येक खिडकीला बारीक लोखंडी जाळी ठोका. प्लास्टिकची जाळी एका रात्रीची पाहुणी.

आमचं स्लॅबचं घर, माळा नाही. वरून करू की खालून?

जमत असेल तर वरून. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि ती संध्याकाळपासून खोलीत सोडतो, म्हणून रात्री दहाला छताला हात लावला तरी चटका बसतो. वरून थर आला तर स्लॅब तापतच नाही. क्रम असा: वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिलिमीटर एक्सपीएस, वर उताराचा कोबा, आणि शेवटी पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक. वर भार किती चालेल हे आधी इंजिनिअरला विचारा. वर दुसऱ्याचा फ्लॅट असेल तर प्रश्नच मिटला. गच्ची सोसायटीची असेल आणि परवानगी मिळत नसेल तर खालून इन्सुलेशन आणि बोर्ड लावा. तेही पुष्कळ आहे.

दुकानात आणि मिस्त्रीला काय विचारायचं?

लकडगंजात प्लायवूडसोबत सिलिंगचा सगळा माल पाहायला मिळतो. नुसता चौरस फुटाचा भाव ऐकून निघू नका. जाडी किती मिलिमीटर, घनता किती, आणि कोणतं मानक, हे तीन आकडे बिलावर लिहून घ्या. थर्माकोलसाठी आयएस ४६७१, ग्लासवूल-रॉकवूलसाठी आयएस ८१८३.

थर्माकोलची परीक्षा घरच्या काट्यावरही होते. एक मीटर बाय अर्धा मीटर, ५० मिलिमीटर जाडीची शीट २० घनतेची असेल तर ५०० ग्रॅम भरली पाहिजे. अडीचशे भरली तर तो पॅकिंगचा माल आहे.

मजुरीत चौकट, बोर्ड, जोडांवरची टेप आणि फटी बुजवणं धरलं आहे का, हे काम सुरू होण्याआधी ठरवा. टेप नेहमी "वरून लागते" असं ऐकू येतं.

स्वतः करता येईल?

माळ्याच्या जमिनीवर अंथरायचं काम दोघं जण आरामात करतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा, चांगला मास्क. नंतर आधी गार पाण्याने अंग धुवा, आणि ते कपडे इतर कपड्यांत मिसळू नका. फळ्या कुजक्या असतील तिथे पाय फक्त मयालीवर. पत्र्यावर चढायचं काम मात्र माहीतगारालाच द्या. मार्चनंतर माळ्यावर दुपारी शिरूच नका. पहाटे सहा ते दहा एवढीच कामाची वेळ.

एकदा लावलं की बघायचं काही असतं?

वर्षातून दोनदा वर चढा. पहिल्या मोठ्या पावसानंतर टॉर्च घेऊन डाग शोधा, आणि फेब्रुवारीत जाळ्या, झडप आणि दबलेल्या जागा पाहा. ओला झालेला ग्लासवूलचा तुकडा वाळवून परत ठेवू नका, तेवढा कापून नवा टाका. आणि छप्पर धुवायला माणूस चढणार असेल तेव्हा त्यालाच स्क्रूही कसायला सांगा.